शाळा, सौरऊर्जा की स्थानिक रोजगार: अधिवेशनाच्या निवेदनात आधी काय मागावे?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. हिवाळी अधिवेशनाच्या काळात आमची नागरिक समिती आमदारांना निवेदन देते. यंदा जिल्हा परिषदेच्या शाळा, सौरऊर्जा आणि स्थानिक तरुणांना काम असे तीन विषय पुढे आले आहेत. बहुतेक सदस्यांचा कल सौरऊर्जेकडे आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. मग राज्याने प्रत्येक शाळेच्या छतासाठी तशी तरतूद का करू नये, असा त्यांचा प्रश्न आहे. तीन पानांचे निवेदन कोणी वाचत नाही, म्हणून ठळक मागणी एकच ठेवावी, असे मला वाटते. ती कोणती असावी आणि कशाच्या आधारावर?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक, काटोल तालुका)

पॅनेलपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समग्र शिक्षा अभियानात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे आणि खडू, फिनेल, दाराच्या कड्या, नळाची दुरुस्ती हे सगळे त्यातूनच भागवून मुख्याध्यापकाला विजेचे देयकही भरावे लागते. देयक थकले की जोडणी तुटते आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही कपाटात जातो. सौर संचाने हा प्रश्न सुटेल, हे मला मान्य आहे. परंतु पहिल्या पावसानंतर इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला तर फोन कोणाला करायचा, हे शाळेत कोणालाच ठाऊक नसते. संच बसवण्याच्या दिवशी फीत कापायला सगळे येतात, नंतर कोणी फिरकत नाही.

त्याहून मोठी अडचण शिक्षकांची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हवेत. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांतील, विशेषतः सहावी ते आठवीच्या वर्गांची पदे टिकतील की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. वर्गात शिक्षकच नसेल, तर पंखा फिरला काय आणि न फिरला काय!

उत्तर २ (सौर संच बसवणारा ठेकेदार, हिंगणा)

सरांचा अनुभव मोठा आहे, पण शिक्षकांच्या मागणीसाठी छताची मागणी मागे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. एक किलोवॅटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. लहान शाळेचे पंखे, दिवे आणि टीव्ही एवढ्यात आरामात चालतात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्याच्या कडक उन्हात शाळा बंद असतानाही वीज तयार होत राहते आणि नेट मीटर (ग्रिडला दिलेली व घेतलेली वीज मोजणारे मीटर) असल्यास ती पुढच्या महिन्यांच्या देयकात वळती होते. पंचेचाळीस अंशांत पॅनेल तापून उत्पादन काहीसे घटते खरे, परंतु धुळीनेही नुकसान होते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीजकेंद्रांच्या राखेचा थर पुसला नाही, तर महिन्याभरात फरक दिसतो. पॅनेल पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर तडा जाण्याची भीती असते. हे साधे ज्ञानसुद्धा शाळेत कोणी देत नाही.

रोजगाराबद्दल मात्र कोणी भ्रमात राहू नये. शाळेचा छोटा संच चार माणसे दोन-तीन दिवसांत बसवतात आणि काम संपते. टिकाऊ काम देखभालीचे आहे. शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, आयटीआय झालेला एक स्थानिक तंत्रज्ञ नेमावा. सौर संचाबरोबर शाळेची वायरिंग, पंप आणि पंखेही त्यानेच पाहावेत. माझ्या मते ठळक मागणी हीच असावी.

उत्तर ३ (खापरखेडा)

तंत्रज्ञाची कल्पना चांगली आहे, पण नेमणूक कोणत्या स्वरूपाची, हे निवेदनात लिहा. वीजकेंद्राच्या सावलीत राहून आम्ही कंत्राटी काम पुरेपूर ओळखतो: ठेकेदार बदलला की हजेरीपटावरचे नाव जाते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन ठरले होते, पण ते ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे. किमान पाच वर्षांची नेमणूक मागा. पैसा नाही, असे उत्तर आले तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे बोट दाखवा. आपल्या जिल्ह्यात कोळसा आणि मँगनीजच्या खाणी आहेत आणि खाणबाधित भागांसाठीच्या या निधीत शिक्षण व कौशल्य विकास ही उच्च प्राधान्याची क्षेत्रे आहेत. उमरेड, सावनेरच्या गावांपासून सुरुवात करता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. केंद्रनिहाय तंत्रज्ञ ही मागणी मी समितीपुढे पहिली ठेवतो. शिक्षकांच्या पदांसाठी शिक्षण विभागाला वेगळे पत्र देऊ, कारण ते खाते आणि तो निधी वेगळा आहे. देखभाल झाली की नाही, हे कोणी तपासावे?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापक)

शाळा व्यवस्थापन समितीने. तिच्या सहीशिवाय देखभालीचे देयक निघू नये, अशी अट घाला.

उत्तर २ (ठेकेदार)

सहीला हरकत नाही, पण तिला मुदत हवी. समितीची सभा दोन महिने भरली नाही, तर तोवर कारागिरांची मजुरी आम्ही खिशातून द्यायची का? तपासणीनंतर पंधरा दिवसांत सही किंवा लेखी हरकत, असे वाक्य त्यात जोडा.