पुरात भिजलेली लग्नाची ब्लू-रे: घरी प्रत कशी काढू?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. माझ्या लग्नाच्या शूटिंगच्या दोन ब्लू-रे डिस्क आहेत, डिसेंबर 2013 च्या. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. कपाटाच्या खालच्या खणातल्या अल्बमचा लगदा झाला, डिस्कची पिशवी तेवढी हाती लागली. तेव्हा आधी घर धुवायचं होतं, त्यामुळे डिस्क तशाच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. त्या परवा काढल्या.

पहिली बरी दिसते. दुसरीच्या चकचकीत बाजूला प्लॅस्टिकचं पाकीट एका कडेला चिकटलंय, साधारण अंगठ्याच्या नखाएवढं, आणि मधल्या भोकाभोवती मातीचं कडं सुकून बसलंय. या दुसऱ्या डिस्कवर पंगत आहे. बाबा जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरताहेत आणि प्रत्येकापाशी वाकून म्हणताहेत, "घ्या हो, अजून एक घ्या." बाबा 2020 मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. शूटिंग करणाऱ्यांचं दुकानही त्याच पुरात गेलं, त्यांच्याकडे मूळ फाइल्स उरलेल्या नाहीत.

लॅपटॉपला जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडून पाहिला, डिस्क नुसती फिरत राहते. इथल्या एका दुकानात "पाकीट ओढून काढतो" म्हणाले, मी घेऊन परत आले. काय करू?

कृष्णाकाठ

ताई, परत आलात ते फार बरं केलंत. ते पाकीट कोणालाही ओढू देऊ नका.

मी सांगलीचा. बावीस वर्षं टीव्ही, व्हीसीआर, प्लेअर दुरुस्त केले. 2019 च्या पुरानंतर लोक पोत्यातून कॅसेटी आणि सीडी घेऊन यायचे. सीडीचा जीव लेबलाच्या बाजूला असतो, तिकडे खरवडलं की माहिती गेली. ब्लू-रेचं बरोबर उलटं आहे. तिचा माहितीचा थर चकचकीत बाजूला, जेमतेम 0.1 मिलिमीटर खाली असतो. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटर आत असतो. म्हणजे तुमचं पाकीट नेमकं नाजूक बाजूला चिकटलंय. वरून कठीण लेप असतो खरा, पण त्याच्या भरवशावर जोर लावू नका.

पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, गरम नको. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब टाका आणि डिस्क चकचकीत बाजू वर करून बुडवा. अर्ध्या तासाने पाकिटाची कड बोटाने बाजूला सरकते का बघा. नाही सरकली तर पाणी बदलून पुन्हा ठेवा. नख, पट्टी, ब्लेड काहीही लावू नका. कड्याची माती चोळू नका, त्यात वाळूचे कण असतात. बारीक धारेखाली ती आपोआप सुटू द्या. मग चष्म्याच्या मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ टिपा, गोल फिरवून पुसायचं नाही. गोल ओरखडा लेझरच्या वाटेवरच धावतो, मधून कडेकडे गेलेला ओरखडा लेझर ओलांडून जातो. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका.

डीव्हीडी ड्राइव्हला ही डिस्क वाचता येणारच नाही. त्याचा लेझर तांबडा, 650 नॅनोमीटरचा. ब्लू-रेला 405 चा निळा-जांभळा लागतो. बाहेरून जोडायचे दोन्ही ड्राइव्ह दिसायला सारखेच असतात, तेव्हा विकत किंवा उसना घेताना "ब्लू-रे" छापलंय ना ते बघून घ्या. यूएसबीवर वीज कमी पडली तर चांगली डिस्कही अडखळते, म्हणून तो लॅपटॉपलाच थेट जोडा, हबमध्ये नको.

पहिली डिस्क सोपी आहे. स्टुडिओने स्वतःच रेकॉर्ड (बर्न) केलेल्या डिस्कला सहसा कॉपी अडवणारं कुलूप नसतं. आत "बीडीएमव्ही" नावाचा फोल्डर दिसेल, तो अख्खा कॉपी करा. खरं चित्रीकरण त्यातल्या "स्ट्रीम" फोल्डरमध्ये एम-टू-टीएस फाइल्समध्ये असतं, आणि व्हीएलसी प्लेअरवर ते चालतं. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

दुसरी मात्र साध्या कॉपीने करू नका. विंडोज एका खराब जागी अडकतं आणि सगळंच सोडून देतं. लिनक्सवर "डीडीरेस्क्यू" नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अवघड जागा नकाशाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि मग तेवढ्याच जागांकडे परत परत जातो. ती नकाशाची फाइल जपा. तीच घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू ठेवता येतं, आणि एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला कधीकधी दिसतं.

ठाणेकर_79

ताई, बाबांचा आवाज मिळो. काका, याच पद्धतीने माझ्याकडच्या विकतच्या सिनेमांच्या ब्लू-रेंची घरापुरती प्रत निघेल का?

कृष्णाकाठ

नाही. त्यांवर एएसीएस नावाचं कुलूप असतं, फोल्डर कॉपी केलात तरी चित्र सांकेतिकच राहतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. घरापुरती प्रत त्यात बसते का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि तोडायची रीतही सांगणार नाही. सिनेमाची डिस्क पुन्हा मिळू शकते. ताईंची मिळणार नाही, म्हणून मला तिची जास्त काळजी आहे.

वाशिष्ठीकाठ

काका, नऊ दिवसांनी लिहितेय.

पाकीट तिसऱ्या पाण्यात सुटलं. आपणहून सरकलं, मी फक्त बोट ठेवलं होतं. खाली एक पांढुरका डाग राहिलाय. पहिली डिस्क भाच्याने पंचवीस मिनिटांत उतरवली. दुसरी रात्री नऊला लावली तर सकाळपर्यंत चालूच, मधेच ड्राइव्हचा घरघर आवाज यायचा आणि मी उठून बघायचे. एवढं करूनही 41 एमबी वाचायचे राहिले. मग भाच्याच्या मित्राकडचा जुना ड्राइव्ह आणला, तुम्ही म्हणालात तसं तीच नकाशाची फाइल पुढे चालवली, आणि उरले 600 केबी.

पंगत आहे. सीमांतपूजनात एके जागी चौकोन चौकोन होऊन चित्र दोन सेकंद फुटतं. बाबांच्या भागाला धक्का नाही. ते माझ्या सासऱ्यांच्या पानात जिलबी वाढतात तेव्हा त्यांचा सदरा कोपराशी ओला दिसतो. मठ्ठा सांडला होता त्यांच्यावर, ते मी विसरूनच गेले होते.

आता आत्याला रत्नागिरीला पाठवायचंय. तिच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावला तर ती एम-टू-टीएस फाइल उघडत नाही.

कृष्णाकाठ

वाचून बरं वाटलं, ताई. फाइल हँडब्रेक नावाच्या प्रोग्राममध्ये घालून एमपी-4 करा. त्या काळचं शूटिंग बहुधा 50 आय, म्हणजे एक सोडून एक रेघ दाखवणारं (इंटरलेस्ड) असतं, तेव्हा "डीइंटरलेस" चालू ठेवा, नाहीतर हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतील. मूळ फाइल्स आणि डीडीरेस्क्यूने काढलेली डिस्कची पूर्ण प्रतिमा मात्र पुसू नका. त्या दोन हार्डडिस्कवर ठेवा आणि त्यातली एक आत्याकडेच द्या. तुमच्या घरातल्या तळमजल्यावर दोन्ही नकोत.