विकास आराखड्यावर छापील हरकतींचे गठ्ठे: उपयोग की कागदाची नासाडी?

मोजणीदार
शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन पुढे कशासाठी वापरायची याचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाला की सोसायट्यांतून एकाच मजकुराचे फॉर्म फिरू लागतात. खाली नाव आणि सही करायची की झालं. हा कागद वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ खाली सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य (नगरसेवक) आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तज्ज्ञाला शीट (आराखड्याच्या नकाशाचं पान) क्रमांक, आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) क्रमांक, सर्व्हे किंवा गट नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र आणि नेमकी मागणी हवी असते. सोबत सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आणि बांधकाम असेल तर मंजूर नकाशा. बऱ्याच हरकती एका साध्या चुकीवर आपटतात: सात-बारावर गट नंबर, शीटवर जुना सर्व्हे नंबर, आणि दोन्हींचा मेळ कुणीच घातलेला नाही.

गावठाण
सात-बारा नसलेल्यांनी काय करायचं? कलम २६ नुसार कोणीही हरकत घेऊ शकतो, भाडेकरूसुद्धा. आणि मुंबई विसरलात का? फेब्रुवारी २०१५ च्या आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते. बोंब झाली आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला लावला. क-प्रत जोडून ते झालं नसतं. सातांतले तिघे नगरसेवक असतात, त्यांना आकडा कळतो!

मोजणीदार
मग पुणे बघा. २०१३ च्या आराखड्यावर ८७ हजारांहून जास्त हरकती आल्या. नगरसेवक आणि शासननियुक्त तज्ज्ञ यांचं जमलं नाही, वेगवेगळे अहवाल गेले, आणि मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा पालिकेकडून काढूनच घेतला. मंजुरी जानेवारी २०१७ ची. आकड्याने काय वाचवलं?

नकाशावाचक
दोघेही प्रस्तावित वापराच्या नकाशावरच अडलात. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा उघडा, कलम २५ चा. ओढा, विहीर, दफनभूमी तिथेच सुटली असेल तर पुढचं सगळं चुकतं, ओढ्यावर निवासी रंग चढतो. अशी चूक दाखवली तर समितीला धोरण बदलावं लागत नाही, फक्त दुरुस्ती करावी लागते, म्हणून ती मान्य व्हायची शक्यता जास्त. जागेचे फोटो जोडा, पण नकाशा शीटच्याच प्रमाणात द्या. मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट शीटवर बसवता येत नाही. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जागेवर दहा मीटर, त्यामुळे जाड मार्करने रेघ ओढलीत तर तुमचं घर रस्त्यात आहे की बाहेर हेच ठरत नाही.

आणि ‘रस्ता रद्द करा’ एवढंच लिहू नका. पर्यायी आखणी लाल रेषेने दाखवा. ती शेजाऱ्याच्या घरावरून नेलीत तर मात्र मागणी तिथेच संपली.

गावठाण
हे मान्य. पण मैदानाच्या आरक्षणाचं बघा. जमीनमालक वकील घेऊन येतो आणि आरक्षण वगळा म्हणतो. सुनावणीची संधी हरकत किंवा सूचना देणाऱ्यालाच मिळते, आणि मैदान हवं असणारा माणूस आराखड्यावर खूशच असतो, तो कशाला अर्ज करतोय? समोरची खुर्ची रिकामी राहते. गठ्ठा इथे हवा.

मोजणीदार
इथे हवा, मान्य. मग त्याला हरकत म्हणू नका, ‘आरक्षण अमुक क्रमांक कायम ठेवावे’ अशी सूचना करा. फॉर्म छापील चालेल, पण आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे नंबर प्रत्येकावर हवाच. मात्र आरक्षण टिकलं म्हणून निवांत बसू नका. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर जमीनमालकाची कलम १२७ खाली नोटीस येते, त्यानंतर २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.

नकाशावाचक
प्रत्येक फॉर्मची वेगळी पोच घ्या, आवक क्रमांकासह. एकाच पत्राला ४०० सह्या जोडल्या तर नोंद एकाच अर्जाची होते.