दिवाळीच्या सौभद्रासाठी रविवारी ऑडिशन आहे, पद कुठलं म्हणू?

कर्वेनगरची_मी
नमस्कार मंडळी, आमच्या भागातला एक हौशी ग्रुप या दिवाळीत किर्लोस्करांचं संगीत सौभद्र, म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं जुनं संगीत नाटक, करतोय, तेही कापून दोन तासांचं, आणि पात्रनिवड येत्या रविवारी सकाळी दहाला एका शाळेच्या हॉलमध्ये आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की एक नाट्यपद म्हणायचं आणि तिथे देतील तो उतारा वाचायचा, साथीला पेटी-तबला असेल. मी ४२ ची, बँकेत आहे, लहानपणी प्रवेशिका पूर्णपर्यंत शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, मग बारावीत गाणं सुटलं ते सुटलंच, आता दीड वर्ष झालं परत क्लासला जातेय. सुभद्रा मिळावी असं काही नाही, नांदीला उभं केलं तरी चालेल, पण या नाटकात असायचंय मला.

चार वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी गेले होते. मोबाईलवर ट्रॅक लावून म्हटलं, ट्रॅक माझ्या पट्टीच्या, म्हणजे मी ज्या सुराला सा धरून गाते त्याच्या, वर होता, अंतऱ्याला आवाज फाटला आणि समोरून लगेच "पुढचे या" आलं. घरी येईपर्यंत स्कूटरवर रडत होते. ते परत नकोय. तर सौभद्रातलंच पद घेऊ की दुसरं? ताना घ्यायच्याच का, माझ्या अजून साफ नाहीत. आणि गद्य वाचताना घसा कोरडा पडतो त्याला काय करू?

पायपेटीवाला
ताई, पहिलं म्हणजे ट्रॅक डोक्यातून काढा. मी वीसएक वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय, ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, साथीदार थांबतो. आज रात्री पदातला सगळ्यात वरचा सूर शोधा, बहुतेक अंतऱ्यात असतो, आणि तानपुऱ्याच्या ॲपवर पट्टी बदलत बदलत तो सूर लागोपाठ तीन वेळा ताण न देता कुठे लागतोय बघा. ती तुमची पट्टी. समजा काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी आली, तर सकाळी दहाला आवाज उघडलेला नसतो म्हणून पांढरी पाच सांगा, अर्धा सूर खाली. कमीपणा वाटून घेऊ नका, मोठमोठे गवई प्रकृती बघून पट्टी उतरवतात. स्टेजवर गेलं की पेटीवाल्याजवळ जाऊन पट्टी आणि ताल सांगायचा आणि हातावर टाळी देऊन लय दाखवायची, नुसतं "मध्यलय" म्हणू नका, प्रत्येकाची मध्यलय वेगळी. पट्टी बदलली की तबला मिळवायला दोन मिनिटं जातात, तेवढ्यात लोक उगाच सॉरी सॉरी करतात, ती दोन मिनिटं तुमची आहेत, शांत श्वास घ्या, सा भरून घ्या.

नाट्यवेडा_औंध
सौभद्रातलं पद घेऊ नका असं माझं मत. समोरच्यांच्या कानात मोठ्या गायक-नटांची गायकी इतकी बसलेली असते की तुलना होणारच. दुसऱ्या नाटकातलं, कमी म्हटलं जाणारं घ्या. आणि फॉर्मवर तारखा खऱ्या लिहा, तुमच्याकडे ३० सप्टेंबरला हाफ इयरली क्लोजिंग असेल ना? ते आठ दिवस तालमीला उशीर होईल हे आधीच सांगा. आयत्या वेळी गैरहजर राहणाऱ्यामुळे सगळा प्रवेश अडून बसतो.

पेठेतली_मावशी
तारखांचं अगदी बरोबर, पण पदाचं मला नाही पटत. अगं, मी हौशी नाटकांच्या निवडीला बऱ्याचदा बसलेय, म्हणून सांगते. सौभद्रातलंच घे, पण नुसतं पद नको म्हणूस, त्याच्या आधीची दोन वाक्यं पाठ कर आणि बोलता बोलता पदात शिर. आम्ही तेच बघत असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं त्यावर अभिनय करायची. १८८० मध्ये इथे आपल्या पुण्यात किर्लोस्करांनी शाकुंतल केलं त्यात पात्रं स्वतःच बोलायची आणि स्वतःच गायची, आणि दोन वर्षांनी सौभद्र आलं. म्हणजे हे नाटक उभंच त्यावर आहे, की बोलणं पुरेनासं झालं म्हणून माणूस गायला लागतो. आणि ऑडिशनला येणारी निम्मी मंडळी काय करतात तर वाक्य संपवतात, घसा साफ करतात, पेटीकडे बघतात, हात मांडीवर ठेवून मैफलीला बसल्यासारखी गातात. सुभद्रा गेली कुठे मग?

एकदा एक मुलगी आली होती, आवाज बेताचा, पण शेवटचं वाक्य बोलताना तिने हातातला पदर मुठीत धरला तो पदाचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, दोनदा येऊन गेला तरी सोडला नव्हता, आणि अंतऱ्याला आपोआप सुटला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आम्ही तिघांनी कागदावर एकच नाव लिहिलं.

ताना साफ नाहीत तर घेऊ नकोस. किर्लोस्करांच्या नाटकात साक्या आहेत, दिंड्या आहेत, म्हणजे ठरलेल्या वृत्तातली साध्या चालीची छोटी पदं, एखादी साकी शब्द स्वच्छ ठेवून म्हण, ळ आणि ण नीट येऊ देत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे. घशाचं म्हणशील तर कोमट पाणी, आणि सकाळी चहा दुधाचा नको. उतारा हातात मिळाला की आधी एकदा मनात वाचून वाक्य कुठे तुटतंय ते बघ, मागितलास तर तेवढा वेळ देतात, पण कुणी मागतच नाही.

नाट्यवेडा_औंध
मावशी, पदाच्या आधीचं वाक्य घ्यायचं हे पटलं. मग सौभद्रातलंच बरं, संहिता ओळखीची असल्यामुळे समोरच्यांनाही दुवा कळेल.

कर्वेनगरची_मी
आत्ता आले घरी, आधी इथे लिहितेय. रुक्मिणीच्या तोंडची दोन वाक्यं आणि एक साकी केली. पट्टी पांढरी पाच सांगितली, तबलेवाले काका म्हणाले "बसा दोन मिनिटं", आणि खरंच मी त्या दोन मिनिटांत पाणी प्यायले, समोर कोण बसलंय ते बघितलं, हात थरथरत होते ते थांबले. वरचा सूर लागला. वाक्यातून साकीत जाताना पेटी किंचित आधी आली पण मी माझं वाक्य पुरं केलं आणि त्यांनी मला धरून घेतलं, ते इतकं छान वाटलं की काय सांगू, एकटीने गातेय असं वाटलंच नाही. गद्यात एका ठिकाणी अडखळले, "परत घेऊ का" विचारलं, घ्या म्हणाले. क्लोजिंगच्या तारखाही लिहून दिल्या.

गुरुवारी संध्याकाळी परत बोलावलंय, कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश पाठ करून यायला सांगितलंय. मावशी, तुम्ही कोथरूडच्या बाजूला कधी येणार असाल तर एकदा तो प्रवेश ऐकाल का माझा?

पेठेतली_मावशी
बुधवारी चारनंतर मोकळी आहे. मेसेज कर. संहिता वहीत हाताने लिहून आण, मोबाईलवर नको.