'सुपरपॉवर २' : देश चालवणं की नुसते स्लायडर सरकवणं?

चिंचेचं झाड (धागाकर्ता) :
सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून 'सुपरपॉवर २' घेतला. कॅनडाच्या गोलेमलॅब्स कंपनीचा हा कॉम्प्युटर गेम २००४चा. मूळ प्रकाशक ड्रीमकॅचर जोवूड या कंपनीच्या पदरी गेला, पुढे जोवूडचंच दिवाळं निघालं, आणि २०१४मध्ये नॉर्डिक गेम्सनं हा गेम स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) पुन्हा आणला. १९३ देशांपैकी कुठलाही घ्या. राजकारण, अर्थकारण, सैन्य, सगळं तुमच्या हातात.

काल भारत घेऊन बसलो. शिक्षण-आरोग्याच्या खर्चाचे स्लायडर (पडद्यावरच्या सरकपट्ट्या) वर नेले, तिजोरी लाल. कर वाढवला, जनता नाराज. झोपायला पावणेतीन. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून जे कधी डोक्यात शिरलं नाही ते इथं शिरतं : पैसा एकच, मागणारे सतरा.

सुपातला :
असहमत. नकाशा शिळा आहे, ते सोडा. (मॉन्टेनेग्रो वेगळा झाला २००६ला, दक्षिण सुदान २०११ला, शोधत बसू नका.) पण हा भारत कुठला? केंद्र तुम्हीच, राज्यही तुम्हीच. ना मुख्यमंत्री, ना वित्त आयोग. गेम आला त्याच वर्षी इकडे यूपीए सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. गेममधल्या पंतप्रधानाला मित्रपक्षांना साधा फोनही करावा लागत नाही!

आणि भाजीपाला-फळं म्हणे एकाच रकान्यात. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा आमच्या नाशिककडे लिलाव बंद पडले. मामा भरलेला ट्रॅक्टर तसाच घेऊन घरी आला. तो ट्रॅक्टर कुठल्या स्लायडरवर दिसतो ते सांगा.

कटिंगवाला :
अहो, भारत घेऊच नका. मोठा देश चुका पचवतो. मी लेसोथो घेतला, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका. करारासाठी ज्याच्या दारात जावं तिथून नकार. आठवडाभर हात पसरत होतो. छोट्या देशाचा जीव केवढा असतो, हे बातम्या वाचून कळत नाही.

सुपातला :
आणि पैसे संपल्यावर काय केलंत? खरं सांगा.

कटिंगवाला :
खाणी सरकारजमा केल्या.

सुपातला :
कितीशा क्लिकमध्ये? आपल्याकडे १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, फेब्रुवारी १९७०मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदाच रद्द ठरवला, आणि सरकारला चार दिवसांत नवा वटहुकूम काढावा लागला. तेही इंदिराबाईंच्या सरकारला! तुमच्या लेसोथोत कोर्टाचं नावसुद्धा नाही.

भिजका पापड :
अवांतर : माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का?

कटिंगवाला :
२००४चा गेम आहे राव, चालायला हरकत नाही.

चिंचेचं झाड :
कोर्टाचा मुद्दा मान्य. पण एक सांगतो. कायद्यांच्या खिडकीत बालमजुरी चालू ठेवायची की बंद, असंही एक बटण आहे. नववीतली लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, हे चालू कोण ठेवेल?" गेम थांबवून अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो.

सुपातला :
म्हणजे शिकवलंत तुम्ही. गेमनं नाही.

चिंचेचं झाड :
बटण नसतं तर तिनं विचारलं असतं का?