मदत हवी आहे: राज्याची हद्द बदलायच्या विधेयकावर राज्यसभेचं किती चालतं?

नमस्कार मंडळी, बेळगावजवळच्या खानापूरहून लिहितेय. आमच्या वाचनालयात रविवारी स्पर्धा परीक्षेची पोरं जमतात, त्यांना मी राज्यशास्त्र शिकवते, सध्या लोकसभा-राज्यसभा चाललंय. धन विधेयक त्यांना लगेच कळलं, राज्यसभेने १४ दिवसांत परत द्यायचं आणि तिच्या सूचना घ्यायच्या की नाही ते लोकसभेने बघायचं. अविश्वास ठरावही लोकसभेतच. उलट कलम २४९ (राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करू देणं) आणि ३१२ (नवी अखिल भारतीय सेवा काढणं) राज्यसभेचे खास.

गाडी अडलीय कलम ३ वर, म्हणजे राज्यांच्या हद्दी बदलण्याच्या कलमावर. आपल्याकडे हा विषय निघाला की पोरं पुस्तक मिटून बोलायला लागतात, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमच्या भागाचं काय झालं ते प्रत्येकाने घरी ऐकलेलं असतंय. एकीने विचारलं, टीचर, हद्द बदलायचं विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेने पाडलं तर संपलं का? तिथं तर राज्यांचीच माणसं बसतात की, कर्नाटकाचे १२, महाराष्ट्राचे १९.

राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय असं विधेयक मांडता येत नाही, त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात पण ते संसदेवर बंधनकारक नाही (आंध्र विधानसभेने नको म्हटलं तरी २०१४ ला तेलंगणा झालंच), आणि साधं बहुमत पुरतं, कारण कलम ४ प्रमाणे ही घटनादुरुस्ती धरत नाहीत. एवढं मी सांगितलं. पण मग संयुक्त बैठक लागू होते का? गाईडमध्ये यावर एक ओळ नाही. पोरांना अंदाजाने काही सांगायचं नाही मला, कुणी नीट सांगा की प्लीज.

प्रतिसाद:
ताई, होते. संयुक्त बैठकीच्या कलम १०८ मधून धन विधेयक वगळलंय, आणि घटनादुरुस्तीला ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं बहुमत लागतं म्हणून तीही बाहेर. कलम ३ चं विधेयक यातलं काहीच नाही. राज्यसभेने फेटाळलं किंवा ६ महिन्यांवर अडकवून ठेवलं तर राष्ट्रपती बैठक बोलावू शकतात, आणि तिथं मतं एकत्र मोजतात, मग लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५, बघा कुणाचं चालणार ते. आजवर ३ वेळाच झालीय, १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँक सेवा आयोग, २००२ पोटा (दहशतवादविरोधी कायदा). हद्दीसाठी एकदाही नाही. आपल्या विधान परिषदेला तर हेही नाही, ती साधं विधेयक आधी ३ महिने आणि नंतर १ महिना थांबवू शकते, बास.

ताईंचा प्रतिसाद:
खूप आभार दादा. ते ६ महिने कुठल्या तारखेपासून धरायचे?

प्रतिसाद:
विधेयक दुसऱ्या सभागृहात पोचलं त्या दिवसापासून. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग ४ दिवसांपेक्षा जास्त तहकुबी असेल तर ते दिवस सोडून.