मदत हवी आहे: इंदूरहून धार-मांडू-बाघ, काकांसोबत, फक्त चित्रं-शिल्पं बघायला

मंडळी, कोजागिरी झाली की दिवाळीच्या आधी इंदूरहून गाडी काढायचा बेत आहे. सोबत बायको आणि काका. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. वय 74, गुडघे कुरकुरतात, हौस दांडगी. मांडू-महेश्वरला आम्ही इंदुरी लोक पाहुणे आले की जातोच: जहाज महाल, नर्मदेत डुबकी, एक साडी, परत. या खेपेला तसं चालणार नाही, अशी तंबी मिळाली आहे.

धारला फडके स्टुडिओ ठरलेलाच. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे, पण धारचेच होऊन राहिले. मांडूला छप्पन महालातलं संग्रहालय. महेश्वर हे चित्रकार डी. जे. जोशींचं गाव. बेंद्रे, हुसेन यांच्यासारखेच तेही इंदूरला चित्रकला शिकवणाऱ्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखालून गेलेले. काकांना तेवढं कारण पुरतं.

अडलंय बाघच्या लेण्यांपाशी. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला काकांनी ग्वाल्हेरच्या गुजरी महालात पाहिल्यात, आता अस्सलच बघायची म्हणतात. पण चित्रं भिंतींवरून उतरवली आहेत ना? मग एवढं आडबाजूला जाण्यात अर्थ आहे का? आणि बाघ मांडूच्या आधी घ्यावं की नंतर?

कुक्षीकर: जाच. पाणी झिरपून रंग चालले होते, म्हणून पुरातत्त्व खात्याने रंगमहालातली (4 नंबरचं लेणं) चित्रं उतरवून तिथल्याच संग्रहालयात ठेवली. उलट काकांना बरंच, अंधारात मान वर करून बघायला नको. लेण्यांकडे मात्र पायऱ्या आहेत, काठी आणि टॉर्च घ्या. बाघ मांडूनंतर. तिथून कुक्षी, मनावर, धामनोद करत महेश्वर गाठता येतं, उलटं फिरावं लागत नाही. बाघ गावात कापडावर ठशांचं छापकाम चालतं, लाल आणि काळा हे तिथले खास रंग. काका ठसे हातात घेऊन बसले की तुमचा तास गेला म्हणून समजा.

धारची_सून: शनिवारी निघा. राज्य सरकारची संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद, पुरातत्त्व सर्वेक्षणाची शुक्रवारी. शनिवारी धार करून मुक्काम मांडूला, रविवारी बाघ, सोमवार महेश्वरला. स्टुडिओ उघडा आहे का, ते धारमधल्या कुणाकडून तरी आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि परतताना इंदूरच्या रस्त्यावरचा गणपती घाट उजेडात चढा, ट्रकांची रांग असते.

धागाकर्ता: दोघांचे आभार. शनिवार पक्का. काकांना टॉर्चचं सांगितलं, तर म्हणाले पिवळ्या उजेडाचा घे, पांढऱ्यात रंग खोटे दिसतात. असा टॉर्च इंदुरात कुठे मिळेल?