मदत हवी आहे: घरी केलेली म्युनिक डुंकेल करपट लागते

नमस्कार मंडळी,
चार वर्षं म्युनिकमध्ये राहतेय. इथली डुंकेल, म्हणजे जुन्या बवेरियाची तपकिरी लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बीअर), मला फार आवडते. पावाच्या खरपूस कडेसारखी चव, कडवटपणा बेताचा. तीच घरी करायचा प्रयत्न दुसऱ्यांदा फसला.

२० लिटरसाठी ४ किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकी बार्ली) आणि रंगासाठी ५०० ग्रॅम भाजलेली बार्ली घेतली. यीस्ट लागरचंच. तळघरात १० अंशांवर दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये पाच आठवडे. बीअर काळीकुट्ट झाली, आणि घोट घेतला की जिभेच्या मुळाशी करपलेली कॉफी चिकटून राहते. डिसेंबरात बाबा येणार आहेत, त्यांना माझ्या हातची पाजायची आहे. काय चुकतंय? आणि बवेरियाच्या १५१६ च्या बीअर-नियमात फक्त बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी होतं, मग ही बीअर मुळात गडद झाली कशी?

प्रतिसाद:
भाजलेली बार्ली आधी काढा, ती आयरिश स्टाउटची. डुंकेलमध्ये मूठभर काळे दाणे नसतात, सगळं माल्टच तपकिरी असतं. पूर्वी भट्टीवर माल्ट वाळवताना धग आवरता येत नसे, म्हणून बहुतेक बीअर तपकिरीच व्हायची. १८३३ मध्ये म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचे धाकटे गाब्रिएल झेडलमायर ब्रिटनला जाऊन तिथली फिकं माल्ट वाळवायची पद्धत पाहून आले, तरी म्युनिक गडदच राहिलं. कारण पाणी! त्यात कार्बोनेट भरपूर, आणि गडद माल्टचा आंबटपणा ते सावरून घेतो. हेलेस ही फिकी लागर श्पाटनने थेट १८९४ मध्ये काढली.

थंडीत आंबवण्याचं मूळही तिथलंच. १५५३ पासून बवेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर करायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची.

आता तुमचं: म्युनिक माल्ट घ्या. मॅशमधला (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या माल्टमधला) तिसरा हिस्सा, घट्टसर, वेगळा काढून १५ मिनिटं उकळा आणि परत ओता. सतत ढवळा, बुडाला लागलं की पुन्हा तोच करपट वास. हॉप्स बवेरियातल्या हालरटाऊ भागाचे, थोडेच.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! दुकानात म्युनिक माल्ट फिकं आणि गडद, दोन्ही आहे. कुठलं?

प्रतिसाद:
गडद, ४ किलो. सोबत अर्धा किलो तुमचं पिल्सनर, म्हणजे साखर नीट सुटेल. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावा, बाबा येईपर्यंत मुरेल.